गळकी हीटर कॉइल बदलताना: सोलापुरातल्या एका जुन्या गाडीवरून

सोलापुरात गाडीला हीटर असतो हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. मे महिन्यात पारा ४२-४३ला टेकतो आणि थंडी म्हणजे गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास पहाटे स्वेटर घालण्यापुरती. त्यामुळे डॅशबोर्डवरच्या निळ्या-लाल पट्टीचा दांडा वर्षानुवर्षं निळ्या टोकाला पडून असतो. आमच्या १९९८ सालच्या, एमएच १३ पासिंगच्या पेट्रोल गाडीतही तो तसाच होता. आणि गळायला लागला तो नेमका हीटरच.

सुरुवात वासाने झाली. बायको म्हणाली, "अहो, गाडीत पाकाचा वास येतोय. काही सांडलंय का?" मी हसण्यावारी नेलं. मग पावसाळ्यात पुढच्या काचेवर आतून चिकट, धूसर थर यायला लागला; फडक्याने पुसला की आणखीच पसरायचा. त्यानंतर डाव्या सीटच्या पायाखालचा मॅट ओला. एका गॅरेजमध्ये दाखवली, त्यांनी रेडिएटर बदलून दिला. पाणी कमी होतच राहिलं. परत नेली तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं डोकं आणि खालचा ठोकळा यांच्यामधली सीलची पट्टी, गेलंय म्हणाले. तेव्हा मात्र मी गाडी घरी आणली, लिंबाखाली लावली आणि भाच्याला हाताशी घेऊन स्वतः शोधायला बसलो.

गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण चूक कंपनीची नव्हतीच. चूक होती आमच्या बोअरच्या पाण्याची आणि ते पाणी रेडिएटरमध्ये ओतणाऱ्या हाताची. म्हणजे माझी.

हीटर लावतच नाही, मग गळतो कसा?

हीटर कॉइल म्हणजे शाळेच्या वहीएवढा रेडिएटर. इंजिनातलं तापलेलं पाणी दोन रबरी होजमधून, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला असलेल्या भोकातून, डॅशबोर्डच्या पोटात येतं, कॉइलमधून फिरतं आणि परत जातं. ब्लोअरची हवा कॉइलवरून गेली की गरम होते. बऱ्याच गाड्यांत हे पाणी सतत फिरत असतं आणि दांडा फक्त हवेची झडप उघडतो-मिटतो. काहींत होजवर एक कॉक असतो, तो केबलने बंद होतो. पण कॉक बंद असला तरी कॉइल रिकामी होत नाही. त्यात पाणी भरलेलंच राहतं, फक्त न फिरता साचून. म्हणजे हीटर लावा न लावा, कॉइल कामावर हजर असतेच.

आता त्या पाण्याकडे बघा. उजनीचं पाणी नळाला काही दिवसांआड येतं, मग मधल्या दिवसांत सगळा भार बोअरवर. बोअरच्या पाण्याने गीझरची कॉइल काय होते ते आपण सगळ्यांनी पाहिलंय: पांढऱ्या क्षाराचं जाड कवच. हेच क्षार इंजिनात बसतात. रेडिएटरपेक्षा हीटर कॉइल लहान, तिच्या नळ्या अरुंद, म्हणून ती आधी तुंबते आणि तिचा धातू आतून खाल्ला जातो. "इथं कुठं बर्फ पडतोय, कूलंट कशाला?" हे मी स्वतः कैक वर्षं म्हणत आलो. पाणी गोठू न देणं हे कूलंटचं निम्मं काम झालं. आपल्याकडे उपयोग आहे तो दुसऱ्या निम्म्याचा: त्यातली गंजरोधक द्रव्यं आणि उकळण्याचं वाढलेलं तापमान. रेडिएटरचं ०.९ चं, म्हणजे ०.९ बार दाब धरून ठेवणारं, झाकण नीट असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं, कूलंट मिसळलं की त्याच्याही वर. मात्र गंज आणि क्षारांवर झाकणाचा काही इलाज चालत नाही.

आधी खात्री, मग पाना

डॅशबोर्ड खाली उतरवणं हे दोन दिवसांचं काम आहे. चुकीच्या निदानावर ते करायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

सोलापुरात सर्वांत जास्त फसगत होते ती एसीच्या पाण्याने. एसी आठ-नऊ महिने चालतो. त्याच्या कूलिंग कॉइलवर दव धरतं आणि ते एका बारीक नळीतून गाडीखाली ठिबकतं. ही नळी धुळीने तुंबली की पाणी केबिनमध्ये उतरतं, तेही डावीकडच्या पायाखालीच. म्हणून पांढरा कागद किंवा जुना पांढरा टॉवेल मॅटखाली दाबून बघा. स्वच्छ, बिनवासाचं, बोटाला न चिकटणारं असेल तर ते एसीचं. नळी साफ करा आणि हा लेख इथेच सोडा. हिरवट किंवा लालसर डाग, बोटांत चिकटपणा आणि गोडसर वास असेल तर ते कूलंट. चव घेऊन बघू नका. हे पाणी विषारी असतं, आणि गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात. काम करताना उघडं ठेवू नका. नुसतं बोअरचं पाणी भरत आला असाल तर रंग नसेल, वासही फिका असेल. मग पातळीच सांगेल. सकाळी गाडी थंड असताना जादा पाण्याच्या बाटलीवर मार्करने रेघ मारा आणि रोज त्याच वेळी बघा.

दुसरी पायरी म्हणजे प्रेशर टेस्ट. रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याकडे हातपंपाचा टेस्टर असतो. तो थंड गाडीच्या रेडिएटरच्या तोंडावर बसवून झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतकाच दाब द्यायचा, जास्त नाही, आणि पंधरा मिनिटं काटा बघायचा. काटा उतरतोय, बाहेर कुठेच थेंब नाही आणि डॅशबोर्डखालून टपटप ऐकू येतंय, तर गुन्हेगार सापडला. मात्र पत्र्याजवळच्या होजच्या जोडावर बोट फिरवून घ्या. जोड गळत असेल तर पाणी पाइपावरून सरकत आत येतं आणि दोष कॉइलवर जातो. तसं असेल तर काम एका क्लिपवर भागेल.

हेड गॅस्केटची शंका असेल तर इंजिन ऑइलची काडी बघा. ऑइल ताकासारखं पांढुरकं, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे, ही त्याची लक्षणं. माझ्या गाडीत यातलं एकही नव्हतं.

वळसा, म्हणजे बायपास

कॉइल गळतेय हे कळल्याबरोबर बायपास करा. इंजिनाच्या बाजूने कॉइलकडे जाणाऱ्या दोन्ही होज काढायच्या आणि त्यांची टोकं एका पितळी जोडनळीने किंवा यू आकाराच्या होजने एकमेकांना जोडायची. पाणी कॉइलमध्ये न जाता बाहेरूनच परत फिरतं. मी हे करून चार दिवस गाडी चालवली, बाटलीतली रेघ जागेवर राहिली. निदानावर शिक्का बसला.

होजची टोकं नुसती बुच मारून बंद करू नका. काही इंजिनांत थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट मिटून ठेवणारी झडप) बंद असताना पाणी फिरायला हीटरचीच वाट असते. ती बुजवली तर तापमानाचा काटा वेडावाकडा फिरतो. वळसा द्या म्हणजे प्रवाह चालू राहील.

"मग राहू दे की तसंच! सोलापुरात हीटर कशाला लागतोय साहेब?" आमचा मिस्त्री म्हणाला. खरंय त्याचं. ज्यांना खर्च परवडत नाही त्यांनी बायपासवर वर्षानुवर्षं गाडी चालवली आहे आणि इंजिनाला काही झालेलं नाही. फक्त दोन गोष्टींना मुकाल. पावसाळ्यात आतून काच धुरकटली की एसी आणि गरम हवा एकत्र सोडून ती झटक्यात साफ होते. ते होणार नाही. दुसरी गोष्ट जास्त मोलाची. भर उन्हाळ्यात, सगळं कुटुंब घेऊन तुळजापूरचा घाट चढताना काटा वर सरकायला लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण लाल टोकाला आणि ब्लोअर जोरात करायचा. आत भट्टी होते, मुलं ओरडतात, पण इंजिनाची उष्णता दुसऱ्या रेडिएटरमधून बाहेर पडते आणि काटा खाली येतो. मला हा दुसरा रेडिएटर हवा होता, म्हणून मी कॉइल बदलली.

बायपास न करता ढकलत राहणं मात्र धोक्याचं. कॉइल अचानक फुटली तर ८०-९० अंशांचं पाणी शेजारी बसलेल्याच्या पायांवर येतं.

आणि हळद नको. रेडिएटरमध्ये हळद टाकून गळती बंद करण्याची युक्ती हायवेवर रात्री बारा वाजता अडकलेल्या माणसासाठी आहे. ती, किंवा बाजारातली गळती बंद करणारी पावडर, भोक बुजवते तशी कॉइलच्या चांगल्या नळ्याही बुजवते.

सामान

कॉइल हातात आल्याशिवाय डॅशबोर्डला हात लावू नका. जुन्या गाड्यांची कॉइल सोलापुरात दुकानात मिळेलच असं नाही, बरेचदा पुण्याहून मागवावी लागते. त्यासाठी चासी नंबर द्या; नुसतं मॉडेलचं नाव सांगितलं की एसीवाली आणि बिनएसीवाली यांत घोळ होतो. बायपास केलेला असल्याने पंधरा दिवस थांबायला हरकत नाही. कॉइल आली की दोन्ही पाइपांचं अंतर आणि जाडी तपासा आणि ती पाण्याच्या बादलीत बुडवून सायकलच्या पंपाने हलका दाब देऊन बुडबुडे येतात का बघा. नवी कॉइलसुद्धा गळकी निघू शकते, आणि ते बसवल्यावर कळणं म्हणजे सगळा डाव पुन्हा.

जुनी कॉइल तांब्या-पितळेची असेल तर रेडिएटरवाला झाळून देतो. बाहेरचा मार लागून एखादं भोक पडलं असेल तर झाळणं टिकतं. आतून क्षाराने खाल्लेली असेल तर आज इथे झाळा, दोन महिन्यांनी शेजारी फुटेल. ॲल्युमिनियमची असेल तर सरळ नवीच घ्या.

कॉइलबरोबर हीटरच्या दोन्ही होज आणि चार क्लिपा नव्या घ्या, कूलंट आणि बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी, एका बाजूने चिकटणारी फोमची पट्टी, आणि रेडिएटरचं झाकण जुनं असेल तर तेही. हत्यारांत गोटी पान्यांचा सेट (आमच्याकडे बहुतेक बोल्ट १० आणि १२ नंबरचे होते), लांब आणि बुटका असे दोन फुल्लीचे स्क्रू ड्रायव्हर, नोज प्लायर, ब्लेड, टॉर्च, घमेलं. आणि जुने सोलापुरी टॉवेल, घरात असतील तेवढे सगळे. पाणी पिण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. स्क्रू ठेवायला शेंगाचटणीच्या रिकाम्या बरण्या घेतल्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून लिहिलं: "मीटर", "मधला कन्सोल", "डॅश डावा".

दिवस पहिला: उतरवणं

उन्हाळ्यात पहाटे सहाला सुरुवात करा, सावलीत. अकरानंतर आतल्या लोखंडाला हात लावता येत नाही.

पण आतलं काम सुरू करण्याआधी इंजिन धुऊन घ्या. बायपास असतानाच रेडिएटरखालचा कॉक उघडून पाणी घमेल्यात काढा. गाडी किमान तीन तास बंद असली पाहिजे. गरम इंजिनाचं झाकण उघडून भाजून घेतलेले लोक प्रत्येक गॅरेजमध्ये भेटतात. मग साधं पाणी भरून इंजिन गरम होईपर्यंत चालवा, थंड होऊ द्या, काढा. बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करा आणि शेवटची फेरी डिस्टिल्ड पाण्याची. माझ्या गाडीतून पहिल्या फेरीला चहाच्या रंगाचं पाणी निघालं, तळाशी पांढरी रेव. हे न करता नवी कॉइल जोडली असती तर ती रेव थेट तिच्या नळ्यांत गेली असती. काढलेलं कूलंट गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका. कॅनमध्ये भरून, वापरलेलं ऑइल जिथे जमा करतात अशा गॅरेजमध्ये द्या.

आता बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढा. तुमच्या गाडीत एअरबॅग असेल तर डॅशबोर्ड काढणं घरच्या माणसाचं काम नाही, तेवढा भाग जाणकाराकडून करून घ्या. आमच्या गाडीच्या काळात बहुतेक छोट्या गाड्यांत ती नसायची, म्हणून जमलं. दुसरी अट एसीची. आमच्याकडे ब्लोअर, कूलिंग कॉइल आणि हीटर असे तीन वेगळे डबे शेजारी होते, त्यामुळे गॅसला हात न लावता हीटरचा डबा निघाला. एकाच डब्यात दोन्ही कॉइल असतील तर गॅस आधी एसीवाल्याच्या मशीनने काढून घ्यावा लागतो. नट सैल करून हवेत सोडून देणारे आहेत; तसं करू नका, हाताला बर्फाचा चटका बसतो तो वेगळाच.

पत्र्यातून बाहेर आलेले कॉइलचे पाइप नाजूक असतात. बायपास करताना होज निघाली नाही म्हणून ती पिळून ओढली तर पाइप वाकतो किंवा मुळातून तडकतो. जुनी कॉइल जाणारच आहे, पण सवय चांगली लावून घ्या: होजला ब्लेडने उभी चीर द्या आणि साल सोलल्यासारखी उलगडून काढा. कॉइलमध्ये पाणी उरलेलं असतं. एका पाइपात सायकलच्या पंपाने हवा मारून दुसऱ्यातून ते घमेल्यात घ्या. तोंडाने फुंकू नका. मग दोन्ही पाइपांना बोळे लावा.

आत आल्यावर डाव्या बाजूची सीट काढून टाका. चार बोल्ट असतात, पण पाठीचे हाल वाचतात. मग ग्लोव्ह बॉक्स, गिअरभोवतीचा कन्सोल, टेप, हीटरच्या दांड्यांच्या मुठी, स्टिअरिंगखालचं प्लॅस्टिक, मीटर. जुन्या मीटरमागे स्पीडोमीटरची केबल असते, तिची कडी दाबून काढावी लागते. मीटर ओढून तिला झटका देऊ नका. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा, वायरींच्या प्रत्येक जोडावर चिकटपट्टी लावून नंबर टाका. हीटरच्या दांड्याच्या केबली क्लिपमध्ये नेमक्या कुठे धरल्या होत्या तिथे मार्करने खूण करा. ही खूण संध्याकाळी सोन्यासारखी वाटेल.

स्टिअरिंगचा दांडा डॅशबोर्डखालच्या दोन-चार बोल्टांनी टांगलेला असतो. ते सोडून तो हळूच खाली सीटवर टेकवा, खाली उशी ठेवा.

डॅशबोर्डचे बोल्ट दिसतात तेवढेच नसतात. काचेच्या कडेला, दोन्ही टोकांना दारांच्या बाजूने, मध्यभागी खाली, आणि छोट्या प्लॅस्टिकच्या टिकल्यांखाली लपलेले. सोलापूरच्या उन्हात पंचवीस वर्षं भाजलेलं प्लॅस्टिक पापडासारखं झालेलं असतं. हलत नसेल तर कुठेतरी एक स्क्रू राहिलाय असं समजा. आम्ही अर्धा तास ओढाताण केली. शेवटी भाचा टॉर्च घेऊन आडवा झाला आणि म्हणाला, "मामा, ह्यो बघा की, ॲशट्रेच्या मागं!" तो एक काढल्यावर डॅशबोर्ड दोघांच्या हातात अलगद आला. उचलायला दुसरा माणूस हवाच.

खाली उरतो काळा डबा. त्याला जोडलेल्या हवेच्या नळ्या ओढून काढा, धरणारे नट सोडा. आमच्याकडे एक नट इंजिनाच्या बाजूने होता. डबा काढताना पाइपांची तोंडं वर धरा आणि खाली टॉवेल पसरा, नाहीतर उरलेलं पाणी गालिच्यात.

डबा उघडला की

क्लिपा आणि स्क्रू काढून डबा दुभंगला तेव्हा आत मूठभर लिंबाचा पाला, बारीक माती आणि उंदराने कुरतडलेला कापूस निघाला. कॉइल सरकवून बाहेर काढली. तिच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे नळ्या टाकीला मिळतात, पांढऱ्या क्षाराचा बटाट्याच्या सालीएवढा पापुद्रा धरला होता. नखाने खरवडला तर खाली टाचणीच्या टोकाएवढं भोक. पाइपातून टॉर्च मारला, आतल्या नळ्यांची तोंडं अर्ध्याहून जास्त बुजलेली. एवढ्याशा भोकाने आठवड्याला पाव लिटर पाणी घालवलं होतं.

जुनी कॉइल फेकण्याआधी अशी वाचून घ्या. पांढरे थर म्हणजे पाणी जड. गाळ आणि चिखल म्हणजे वेगवेगळी कूलंटं मिसळली किंवा पावडर टाकली. पाइपाच्या मुळाशी तडा म्हणजे कुणीतरी होज पिळून ओढली होती.

डबा साबणाच्या पाण्याने धुऊन कडक वाळवा. हवेच्या झडपा हाताने हलवून बघा. त्यांच्या कडेचा फोम हात लावताच भुगा होतो, नवी पट्टी चिकटवा. नव्या कॉइलच्या चारही कडांनाही फोम लावा. फोम नसेल तर हवा कॉइलच्या बाजूने निसटते, आणि खड्ड्यांत कॉइल डब्यावर आपटून घासते. कॉइल जागेवर सरकवताना पाइपाला धरून ढकलू नका, अंगाला धरा.

दिवस दुसरा: डॅश लावण्याआधी पाणी

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: डॅशबोर्ड परत चढवण्याआधी गळती तपासा.

डबा बसवा, पाइप पत्र्यातून बाहेर काढा आणि भोकाभोवतीची रबरी गादी नीट बसली का बघा, नाहीतर इंजिनाचा वास आत येईल. नव्या होज आणि क्लिपा लावा. क्लिप पाइपाच्या फुगवट्याच्या मागे यावी, टोकावर नाही, आणि पिळायची ती रबर दबेपर्यंत. कॉइलचा पाइप मऊ असतो, जोर केला तर तो चेपतो.

कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं मिसळून भरा. डब्यावर आधीच मिसळलेलं असं लिहिलं असेल तर त्यात पाणी घालू नका. प्रेशर टेस्टर मिळाला तर पुन्हा पंधरा मिनिटं दाब देऊन कॉइलच्या जोडांखाली कोरडा कागद ठेवा. मग सुट्या वायरींच्या टोकांना चिकटपट्टी गुंडाळून, लागतील तेवढेच जोड लावून, बॅटरी जोडा आणि इंजिन जागेवरच सुरू करा. स्टिअरिंग खाली आहे, गाडी हलवायची नाही.

हवा काढणं इथेच करा. गाडीचं नाक थोडं चढावर असेल तर बरं. हीटरचा दांडा किंवा कॉक पूर्ण गरमला, रेडिएटरचं झाकण उघडं (थंड इंजिनापासून सुरू केलंय म्हणूनच), आणि इंजिन मंद चालू. वरची जाड होज अधूनमधून दाबा. बुडबुडे येतील, पातळी उतरेल, भरत राहा. बुडबुडे थांबले की झाकण लावा आणि रेडिएटरचा पंखा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा. कॉइलच्या दोन्ही होजना हात लावून बघा: दोन्ही गरम असतील तर पाणी फिरतंय. एक गरम आणि एक गार असेल, किंवा डब्यातून गुडगुड आवाज येत असेल, तर हवा अडकलीये. इंजिन पूर्ण थंड करून पुन्हा.

अर्ध्या तासाने कागद कोरडा दिसला तेव्हा आम्ही भाकरी खायला उठलो. जेवून येईपर्यंतही कोरडाच होता.

परत चढवणं

उलट्या क्रमाने जे काढलं ते लावायचं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. डॅशबोर्ड आणि पत्रा यांच्यात वायर चिमटली नाही ना, ते बघा. स्टिअरिंगचे बोल्ट आधी हाताने, मग पान्याने, आणि शेवटी दुसऱ्याने पुन्हा तपासून. इथे आळस नको.

केबलींवर मात्र वेळ घालवा. दांडा निळ्या टोकाला असताना कॉक किंवा झडप शंभर टक्के मिटली पाहिजे. बोटभर जरी उघडी राहिली तरी एसीच्या गार हवेत गरम हवा मिसळते, आणि मे महिन्यात तुम्ही एसीचा गॅस भरून थकाल पण गाडी गार होणार नाही. क्लिप सैल करून, झडप हाताने पूर्ण मिटवून, दांडा निळ्यावर धरून मगच क्लिप घट्ट करा. माझ्याकडे पहिल्या वेळी चुकली होती, ग्लोव्ह बॉक्स परत काढावा लागला.

गालिचा विसरू नका. वरून कोरडा वाटला तरी खालचा जाड नमदा कूलंट धरून ठेवतो, आणि ते आपोआप वाळत नाही. सगळं बाहेर काढून साध्या पाण्याने दोनदा धुवा आणि गच्चीवर टाका. सोलापूरच्या उन्हात एका दिवसात कडकडीत वाळतो. तेवढ्यात खालचा पत्रा बघा, गंज धरला असेल तर घासून रंग मारा. काचेवरचा चिकट थर व्हिनेगर घातलेल्या पाण्याने आणि वर्तमानपत्राच्या कागदाने निघतो.

पुढचा आठवडा रोज सकाळी बाटलीवरची रेघ बघा. पहिले दोन दिवस थोडी उतरेल, ती अडकलेली हवा निघतेय, भरा. त्यानंतर उतरायला नको. कूलंट बदलायची तारीख झाकणाजवळ रंगाने लिहून ठेवा. मी दर दोन वर्षांनी बदलतो, आणि मध्ये कमी पडलं तर भरायला डिकीत डिस्टिल्ड पाण्याची एक बाटली असते, बोअरचं नाही. महिन्यातून एकदा दहा मिनिटं हीटर पूर्ण लाल टोकाला न्या, म्हणजे कॉक आणि केबल जाम होत नाहीत आणि कॉइलमधलं पाणी फिरतं. मे महिन्यातही. खिडक्या उघड्या ठेवून, आणि शक्यतो बायको गाडीत नसताना.

आमच्याकडे दोन स्क्रू उरले. भाच्याने ते बरणीत घालून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलेत, खड्ड्यात खुळखुळतात.